ऑक्टोबरातली अकरा माणसं : धर्मप्रांताच्या समितीला खुलं पत्र

मा. बिशप महोदय आणि धर्मप्रांताच्या मिशन अँड पास्टोरल समितीचे सर्व सदस्य,

सादर नमस्कार.

आमचं गावचं चर्च बंद करण्याच्या तुमच्या प्रस्तावाबद्दल याच मजकुराचं इंग्रजी पत्र दहा दिवसांपूर्वी तुमच्या कार्यालयात पोचलं आहे. पोचही आली. एकच ओळ, म्हणणं नोंदवून घेतलंय अशा अर्थाची. आता तेच मराठीत लिहून चव्हाट्यावर ठेवते आहे, त्याला दोन कारणं. एक, इंग्रजीत लिहायला बसले की मी गरजेपेक्षा जास्त नम्र होते. तीनदा ‘कदाचित’ आणि दोनदा ‘आपली हरकत नसल्यास’ लिहून झालं की मूळ तक्रार कुठे गेली ते मलाच सापडत नाही. दुसरं कारण जास्त कामाचं. माझ्या ओळखीतली कितीतरी मराठी माणसं या देशात, इंग्लंडात, शहर सोडून खेड्यात राहायला गेली आहेत. डॉक्टर आहेत, आयटीवाले आहेत, माझ्यासारखे औषधवाले आहेत. गावातलं चर्च त्यांना येता-जाता दिसतं, फोटोत मागे छान येतं, आणि ‘आपला काय संबंध’ म्हणून ती पुढे जातात. मीही चार वर्षं तशीच पुढे गेले होते. पण संबंध आहे, आणि तो या देशाच्या कायद्याने आहे. हे त्यांनीही वाचावं.

मी वाईजवळच्या मेणवलीची. 2007 पासून मिडलंड्समधल्या या सव्वातीनशे वस्तीच्या गावात राहते आणि सहा मैलांवरच्या बाजाराच्या गावात फार्मसिस्ट म्हणून काम करते. घरात दीड दिवसाचा गणपती बसतो. माझा बाप्तिस्मा झालेला नाही आणि घ्यायचा विचारही नाही. आणि गेली चौदा वर्षं आमच्या चर्चच्या मनोऱ्यात दोन नंबरच्या घंटेचा दोर माझ्या हातात असतो.

तुमचा प्रस्ताव मी चारदा वाचला. चौदा गावांचं मिळून एकच बेनिफिस, म्हणजे एकत्र कारभाराचा चर्चगट, त्यांना दोन पाद्री, आणि त्यांतली चार चर्चं नियमित उपासनेसाठी बंद. बंद करायच्या यादीत आमचं नाव दुसरं आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलंय : सरासरी उपस्थिती 11.

हे अकरा कुठून आले ते मला माहीत आहे, कारण मोजणी चालू होती तेव्हा मी तिथे होते. व्हेस्ट्रीतल्या, म्हणजे पाद्रीच्या खोलीतल्या, कपाटात सर्व्हिस रजिस्टर असतं. लांबट आकाराची निळी वही. कडा दमट हवेने फुगलेल्या, आणि पेन थंडीत चालत नाही म्हणून दोरीने बांधलेली पेन्सिल. तारीख, वेळ, कोणती उपासना, कोणी घेतली, किती माणसं, दानपेटीत किती. दर ऑक्टोबरमध्ये चार आठवडे चर्च ऑफ इंग्लंड सगळीकडे माणसं मोजतं. त्या ऑक्टोबरात आमच्याकडे उपासना झाली एकदाच. आमच्याकडे व्हिकारच, म्हणजे गावचा पाद्रीच नाही, त्यामुळे महिन्यातला एकच रविवार वाट्याला येतो, तोही सकाळी साडेनऊचा, आणि त्या रविवारी ओढ्याला पाणी येऊन खालच्या आळीचा रस्ता बंद होता. आमच्या चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार बघायला निवडलेल्या बाई, बाकांमधून बोट फिरवत मोजत होत्या. आम्ही घंटा वाजवणारे पाचजण तेव्हा मनोऱ्याच्या दाराशी कोट चढवत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला मोजू नका, मी प्रार्थनेला थांबत नाही. आमच्यातल्या आणखी तिघांनी तसंच केलं. पेन्सिलीने 11 लिहिलं गेलं.

तो प्रामाणिकपणा आम्हाला महागात पडला असं आता वाटतं. पण त्याच आठवड्यात त्याच छपराखाली काय काय झालं ते सांगते. सोमवारी दोन निवृत्त बायकांनी पितळ घासलं. बुधवारी दुपारी सूप होतं, चौतीस वाट्या गेल्या. गुरुवारी घंटांचा सराव. शुक्रवारी लहान मुलं आणि त्यांच्या आया, नऊ जोड्या. शनिवारी एकाने कबरींमधलं गवत कापलं, आणि तो माणूस स्वतःला नास्तिक म्हणवतो, अगदी मोठ्याने. यातलं एकही माणूस तुमच्या अकरात नाही. सूप तुम्ही उपासना धरत नाही, ते बरोबरच आहे. पण प्रस्तावात तुम्ही ‘समाजजीवनावर होणारा परिणाम : नगण्य’ असं लिहिलंय, तो शब्द कुठल्या वहीतून आला?

सूपाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण निम्मं ते मीच करते. 2022 च्या हिवाळ्यात गॅस-विजेची बिलं भडकली तेव्हा काही म्हातारी माणसं घरात एकच खोली तापवून बसायची. मग ठरलं की बुधवारी चर्चमधला हीटर लावायचा आणि सगळ्यांनी तिथे यायचं. बटाटा आणि लीकचं सूप चार बुधवार झाल्यावर मी मुगाच्या डाळीचं वरण केलं, तुपाची जिरे-हिंगाची फोडणी घालून. त्याला इथे ‘पिवळं सूप’ म्हणतात आणि ते आधी संपतं. गोडा मसाला घातलेली आमटी एकदा करून पाहिली, ती मात्र अर्धी परत आणावी लागली.

यावरून आमच्या पुण्याची एक गोष्ट आठवते. 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले आणि शहरातली आणखी बडी मंडळी जमली असताना चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी कप नुसता हातात धरला, पण नावं छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं भांडण, पेटलं. प्रायश्चित्तं झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. मी तर चर्चमध्ये चहा पिते, करते, आणि नंतर कपही विसळते. इतक्या वर्षांत ना माझ्या माहेरच्यांनी माझ्यावर ग्रामण्य घातलं, ना इथल्या कुणी मला ‘तुम्ही आमच्यातल्या की बाहेरच्या’ असं विचारलं. सव्वाशेहून जास्त वर्षांत दोन्हीकडे एवढी अक्कल आली म्हणायची. आणि आता पहिल्यांदाच एका छापील कागदावर मी बाहेरची ठरले आहे, आणि तो कागद तुमचा आहे.

मी बाहेरची नाही, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. 2011 च्या वसंतात आमच्या तेव्हाच्या चर्चवॉर्डननी दारावर टकटक केली. हातात संत्र्याच्या मार्मलेडची बाटली आणि एक कागद. म्हणाले, पुढच्या आठवड्यात पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाची, वार्षिक सभा आहे, वॉर्डन निवडायचे आहेत, तुम्हालाही मत आहे. मला वाटलं, भला माणूस आहे, माझ्या धर्माचं याच्या लक्षात आलं नसावं. मी सांगितलं. ते म्हणाले, ते मला माहीत आहे, पण कायदा मला तुमचा धर्म विचारायला सांगत नाही, पत्ता विचारायला सांगतो. नंतर मी स्वतः वाचून खात्री केली. पॅरिशच्या हद्दीत राहणाऱ्या आणि स्थानिक निवडणुकीच्या यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला चर्चवॉर्डनच्या निवडणुकीत मत आहे. तेव्हा माझा पासपोर्ट भारतीय होता. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आम्ही त्या यादीत होतोच. मी वॉर्डन होऊ शकत नाही, चर्च कौन्सिलवर बसू शकत नाही, तिथे बाप्तिस्मा लागतो, आणि ते ठीकच आहे. पण गावात राहणाऱ्याला गावच्या चर्चच्या आवारात दफनाचा हक्क आहे, तिथेही धर्म विचारत नाहीत. पॅरिश म्हणजे सभासदांचा क्लब नव्हे. आमच्याकडे गावकी म्हणतात ना, तिच्या जवळचं काहीतरी आहे ते.

आणि हे तुमच्याच इतिहासात आहे. 1538 साली थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने वही ठेवायची आणि बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून काढायचं. आमच्या गावच्या जुन्या वह्या आता काऊंटीच्या अभिलेखागारात आहेत. एका सुट्टीच्या दिवशी मी त्या पाहून आले. मजूर, विधवा, बेवारस सापडलेलं मूल, रस्त्याने जाताना मेलेला कोणी परका, ज्याचं नावही गावाला ठाऊक नव्हतं, सगळे आहेत. गोरगरिबांची व्यवस्थासुद्धा कित्येक पिढ्या पॅरिशकडेच होती. 1894 च्या कायद्याने वेगळी ग्रामपंचायत आली तेव्हा उरलासुरला गावकारभारही चर्चच्या हातून गेला. तर ज्या संस्थेने रस्त्यात मेलेल्या परक्याला वहीत जागा दिली, ती आता ऑक्टोबरातले चार आठवडे मोजून गावात अकराच माणसं आहेत म्हणते.

आता माझ्या तक्रारी, एकेक करून.

पहिली, व्हिकारची. आमचे व्हिकार 2021 च्या शरद ऋतूत निवृत्त झाले. रविवारी तीन चर्चं करायचे, मधल्या वेळात गाडीतच सँडविच खायचे, आणि शेवटी शेवटी त्यांचे हात थरथरायचे. एका माणसावर इतकी चर्चं लादणं चूक आहे, हे मलाही दिसत होतं. पाद्री कमी आहेत आणि देवळात येणारी माणसं सगळीकडेच घटली आहेत, याबद्दलही मी वाद घालत नाही. पण त्यांच्या जागी नेमणूक तुम्ही ‘स्थगित’ केली, पुनर्रचना व्हायची आहे म्हणून. ते स्थगित अजून चालू आहे. आधी माणूस काढून घ्यायचा, मग उपासना चारावरून एकावर आणायच्या, मग उरलेल्या एका रविवारी डोकी मोजायची आणि ती कमी भरली म्हणून दाराला कुलूप लावायचं. आमच्या तालुक्यात एसटीच्या फेऱ्या अशाच बंद होत. आधी गाडी अडनिड्या वेळेला सोडायची, मग ‘प्रवासी नाहीत’ असा शेरा मारायचा.

दुसरी तक्रार घराची, आणि मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. व्हिकारेज, म्हणजे व्हिकारचं घर, तुम्ही 2023 मध्ये विकलं. गावाला कळलं ते इस्टेट एजंटची पाटी लागली तेव्हा. किती पैसे आले, कुठल्या खात्यात गेले, त्यांतलं काही या गावावर खर्च होणार का, असं चर्च कौन्सिलने लेखी विचारलं. उत्तर आलं की रक्कम धर्मप्रांताच्या कामासाठी वापरली जाईल. ते असो. पण तुमच्याच व्यवस्थेत ‘हाऊस फॉर ड्यूटी’ नावाची एक फार शहाणी सोय आहे. निवृत्त किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या पाद्रीला राहायला घर द्यायचं, पगार नाही, आणि त्याने रविवार आणि आठवड्याचे आणखी दोन दिवस गावाचं काम बघायचं. आमच्यासारख्या गावासाठी याहून बरी व्यवस्था दुसरी नाही. ती आम्ही मागितली तेव्हा तुमच्या अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, कल्पना चांगली आहे, पण त्यासाठी गावात घर लागतं.

तिसरी, यावर्षीच्या जानेवारीतली. आमचे टॉवर कॅप्टन, म्हणजे घंटा वाजवणाऱ्यांचे प्रमुख, गेले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. जन्मभर शेती केली आणि वयाच्या अकराव्या वर्षापासून घंटा वाजवल्या. दुसऱ्या महायुद्धात 1940 च्या जूनपासून सगळ्या चर्चच्या घंटा गप्प केल्या होत्या. वाजल्या तर शत्रू उतरला असं समजायचं. 1942 च्या नोव्हेंबरात इजिप्तमधल्या एल अलामेनच्या विजयासाठी त्या पुन्हा वाजल्या तेव्हा ते वडिलांचा हात धरून आवारात उभे होते, ही त्यांची पहिली आठवण. मला दोर धरायला त्यांनीच शिकवलं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. इथली घंटा देवळातल्यासारखी हात वर करून टण् करायची नसते. ती चाकाला बांधलेली असते आणि सुरुवातीला तोंड आभाळाकडे करून उलटी उभी असते. दोर ओढला की ती पूर्ण गोल फिरते, एकदाच वाजते आणि पुन्हा उलटी उभी राहते. दोरावर लोकरीची पट्ट्यापट्ट्यांची जाड मूठ असते, तिला सॅली म्हणतात. ती हातातून केव्हा सोडायची आणि परत केव्हा धरायची यातच सगळी विद्या आहे. चुकलं तर दोर माणसाला वर खेचतो. माझी घंटा अडीचशे किलोची. ते म्हणायचे, तिच्याशी भांडू नकोस, ती तुझ्याहून जड आहे आणि तिला घाई नाही. सहा घंटा असतील तर त्यांचे 720 क्रम होतात, एकही परत न येता, आणि ते पुरे करायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. सूर नाही, गाणं नाही, नुसतं गणित कानांनी करायचं. मला ते पाढ्यांसारखं वाटलं आणि म्हणूनच जमलं.

खरं तर चर्चच्या घंटेशी माझी ओळख त्याहून जुनी. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत टांगल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशकात नारोशंकराच्या देवळात, आणि एक आमच्या मेणवलीच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे. हे मी कॅप्टनना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, म्हणजे एक घंटा तुम्ही आमच्याकडची नेली, आता त्या बदल्यात इथे वाजवा. पोर्तुगीज आणि इंग्रज एक नव्हेत, हा मुद्दा मी सोडून दिला.

तर त्यांचा अंत्यविधी व्हायला साडेतीन आठवडे लागले, कारण पाद्री मिळेना. जे आले ते बावीस मैलांवरून आले, भले गृहस्थ होते, पण त्यांनी या माणसाला कधी पाहिलं नव्हतं आणि आडनाव दोनदा चुकीचं उच्चारलं. चर्च भरून माणसं आवारात उभी होती. आम्ही घंटांच्या लोलकांना कातड्याचे मफल बांधले होते. तसं केलं की एक ठोका स्वच्छ येतो आणि दुसरा लांबून, दुसऱ्या गावातून आल्यासारखा. ती माणसं किती होती? रजिस्टरमध्ये 190 लिहिलंय. अंत्यविधीचा आकडा वेगळ्या रकान्यात जातो आणि तुमच्या प्रस्तावात तो रकानाच नाही.

चौथी तक्रार पैशांची, थोडक्यात. पॅरिश शेअर म्हणून धर्मप्रांताला द्यायची रक्कम या गावाने एक वर्षही चुकवलेली नाही. व्हिकार नसलेल्या वर्षांतही. छताचं शिसं चोरांनी नेलं तेव्हा विम्याने सगळं भरलं नाही, बाकीचं आम्ही उभं केलं. जत्रेसारखा मेळा भरवला, केक विकले, आणि एका शेतकऱ्याने डुक्कर दिलं त्याची लॉटरी काढली. बाहेरच्या लोकांना वाटतं ही चर्चं सरकार चालवतं. सरकार चालवत नाही. या देशातल्या ग्रेड वन, म्हणजे वारसा म्हणून सगळ्यात वरच्या दर्जाच्या इमारतींपैकी जवळपास 45 टक्के चर्च ऑफ इंग्लंडची चर्चं आहेत आणि त्यांच्या छपराच्या पन्हळीत अडकलेली पानं काढायला शिडीवर चढतात ती गावातलीच सत्तरीची माणसं. चर्च कमिशनर्सकडे, म्हणजे चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाकडे, 10 अब्ज पौंडांहून अधिक निधी आहे. त्यातून जुनी पेन्शनं जातात, बिशपांचा खर्च जातो, ते पैसे मोकळे पडलेले नाहीत हे मला समजतं. तरीही अकरा माणसांच्या गावासाठी पैसे नाहीत हे कारण ऐकताना तो आकडा डोळ्यांपुढून हलत नाही.

पाचवी, शौचालयाची. हसू नका. चर्चमध्ये शौचालय नाही. पूर्वी पबमध्ये जायचे. पब 2018 मध्ये बंद झाला. मागच्या बाजूला एक शौचालय आणि छोटा ओटा बांधायची परवानगी आम्ही मागितली, तिला तीन वर्षं लागली. मधल्या काळात वटवाघळांची पाहणी झाली, जमिनीखालच्या जुन्या कबरींची झाली, आणि एका तज्ज्ञाने दाराच्या रंगावर दोन पानं लिहिली. परवानगी हातात पडली आणि सहा आठवड्यांत तुमचा बंद करण्याचा प्रस्ताव आला. बांधायचे पैसे बँकेत पडून आहेत. दात्यांना आता काय सांगायचं?

आणि शेवटची, या प्रस्तावाच्या नोटिशीची. ती तुम्ही चर्चच्या दारावर लावली. महिन्यातले तीन रविवार जे दार उपासनेसाठी उघडतच नाही, त्या दारावर. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन कागद होते, पावसाचं पाणी आत गेलं आणि शाई पसरून मुदतीची तारीख 23 आहे की 28 हे वाचता येईना. चर्चा ठेवलीत ती ऑनलाइन, मंगळवारी दुपारी दोनला. मी तेव्हा औषधं मोजत असते, शेतकरी शेतात असतो, आणि ज्यांना सगळ्यात जास्त बोलायचं होतं त्या ऐंशीच्या पुढच्या बायकांकडे कॉम्प्युटर नाही. सातजण हजर होते म्हणे. हेही तुम्ही मोजलंत.

आता मागण्या.

प्रस्ताव पुढे लंडनला चर्च कमिशनर्सकडे पाठवण्याआधी या गावात एक सभा घ्या. संध्याकाळी सातनंतर, चर्चमध्येच, आणि समितीतल्या निर्णय घेणाऱ्या माणसांनी स्वतः यावं. निरोप्या नको. सभेला चर्चच्या यादीतल्यांनाच नव्हे, गावच्या मतदारयादीतल्या प्रत्येकाला पत्र जाऊ द्या. पाकिटं आम्ही वाटू, टपालाचा खर्चही पडणार नाही.

व्हिकारेजच्या विक्रीची रक्कम आणि तिचं काय झालं, हे लेखी जाहीर करा. आणि त्यातून, किंवा धर्मप्रांताच्या दुसऱ्या एखाद्या घरातून, आमच्या आणि शेजारच्या तीन गावांसाठी मिळून हाऊस फॉर ड्यूटीची एक नेमणूक करा. पगार आम्ही मागतच नाही.

उपस्थितीचे आकडे नव्याने घ्या. निदान तीन महिने, दर पंधरवड्याला उपासना ठेवून. त्यातही अकराच भरली तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

एवढं करूनही नियमित उपासना थांबवायचीच असेल, तर दार बंद करणं हा एकच मार्ग नाही. वर्षातले मोठे सण, लग्नं आणि अंत्यविधी यांच्यापुरतं चर्च उघडं ठेवण्याची पद्धत तुमच्याच काही धर्मप्रांतांत आहे. ती आम्हाला द्या. आवाराची, घंटांची आणि किल्लीची जबाबदारी गावाकडे ठेवा. इमारत विकून तिची राहती घरं करण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो आत्ताच उघडपणे सांगा. इस्टेट एजंटची पाटी बघून आम्हाला पुन्हा कळायला नको.

तुम्ही हा प्रस्ताव पुढे पाठवलात तर मसुदा जाहीर होईल आणि त्यावर निदान 28 दिवस कुणालाही लेखी हरकत घेता येईल, हे मला माहीत आहे. कुणालाही, म्हणजे मलाही. गावात घरोघर फिरून आम्ही ते सगळ्यांना सांगितलंय. पण तिथवर जावं लागू नये अशी इच्छा आहे. भांडणाच्या कागदांना मनोऱ्यात ठेवायला जागा नाही, तिथे आधीच जॅकडॉ जातीच्या कावळ्यांनी घरटी केली आहेत.

गुरुवारी साडेसातला सराव असतो. कॅप्टन गेल्यापासून आम्ही पाचजणच आहोत, त्यामुळे सहावा दोर नुसता बांधून ठेवलेला असतो. बुधवारी साडेबाराला सूप. दोन्हींपैकी कधीही या, आधी कळवायची गरज नाही. मनोऱ्याच्या जिन्याला तेवढं सांभाळून, अकरावी पायरी तुटकी आहे.

आपली,
पॅरिशमधली एक मतदार

ता. क. दारावरच्या नोटिशीची प्लॅस्टिकची पिशवी आम्ही बदलली आहे. तारीख 28 च होती.